पिवळं फडकं आणि नऊ नंबरची बस

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी शर्वरी नऊ नंबरच्या बसमध्ये अगदी मागच्या बाकावर बसली होती, आणि बस चालवत होते तिचे बाबा.

शहर तेव्हा इतक्या झपाट्यानं वाढत होतं, की दर दोन वर्षांनी एक टेकडी ओलांडायचं. सकाळच्या धुक्यात नव्या इमारती ढगांवर अलगद ठेवल्यासारख्या दिसायच्या. बऱ्याचशा बस आपल्या आपण चालू लागल्या होत्या. नऊ नंबरवर मात्र अजून माणसं होती. शर्वरीचे बाबा, सुजय तांबट, त्यांतलेच एक.

त्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर सगळे चढले, तरी बस हलली नाही. बाबा खाली उतरले. खिशातून पिवळं फडकं काढून बाहेरचा आरसा पुसू लागले. आरसा तर आधीच चकचकीत होता.

"ओ दादा, आरशाला लग्नाला न्यायचंय का?" एक बाई ओरडल्या. सगळी बस हसली.

"झालंच ताई, एवढा एक डाग राहिलाय," बाबा म्हणाले.

शेजारी बसलेल्या ईशाननं शर्वरीला कोपरानं ढोसलं. "रोजचं नाटक आहे यांचं. ए, तुझ्याकडे बघून हसले ते. ओळखतेस का तू त्यांना?"

शर्वरीनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

शाळेपाशी ती मागच्या दारानं उतरली. बाबांनी आरशातून हात हलवलेला तिला दिसला. तिनं हलवला नाही. संध्याकाळी घरी भेटतीलच, असं तिला वाटलं.

त्या दुपारी बाबांच्या छातीत दुखू लागलं. संध्याकाळी घरी पुष्कळ माणसं आली. बाबा आले नाहीत.

तीन महिन्यांनी नऊ नंबरच्या बसही आपल्या आपण धावू लागल्या. त्यांचा मेंदू हुशार होता. तो चुकूनही सिग्नल मोडायचा नाही. तरीही एक कोडं सुटेना. आगारातून दर दहा मिनिटांनी एक, अशा बस अगदी वेळेवर सुटायच्या. पण टाकीपाशी अर्धा अर्धा तास एकही बस यायची नाही, आणि मग दोन-तीन बस एकदम यायच्या. पहिली गच्च, मागची जवळजवळ रिकामी.

त्या थांब्यावर एक यंत्रमानव होता. खांबासारखा उंच, डोक्यावर एकच गोल दिवा. मुलं त्याला लंबू म्हणत. एका धुकट सकाळी रांगेत उभं राहून पाय दुखायला लागले, तेव्हा शर्वरीनं त्याला विचारलं, "लंबू, बस वेळेवर सुटतात, तर मग येतात कशा घोळक्यानं?"

"एवढे दिवस सगळे माझ्यावर नुसते ओरडतात," लंबू म्हणाला. "विचारणारी तू दुसरी. बघ वर."

त्याच्या दिव्यातून प्रकाश सांडला आणि धुक्यावर एक चित्र उमटलं. सगळं शहर आकाशातून बघावं तसं दिसू लागलं. वळणावळणाचा रस्ता म्हणजे एक दोरा, आणि त्यावर सरकणारे सोनेरी मणी म्हणजे बस. मण्यांमधली अंतरं सारखी होती.

"एका बसनंतर दुसरी येईपर्यंत जो वेळ जातो, त्याला म्हणायचं अंतरकाल (दोन बसमधला वेळ). इथं तो दहा मिनिटं. आता एका आजोबांना चढायला वेळ लागला. एक बस दोन मिनिटं मागे पडली. पुढच्या थांब्यावर काय होईल?"

"तिथं बारा मिनिटांची माणसं साठलेली असतील," शर्वरी हळूच म्हणाली. "म्हणजे चढायला आणखी वेळ. म्हणजे आणखी उशीर!"

"आणि तिच्या मागच्या बसचं?"

"तिला आठच मिनिटांची माणसं मिळतील. ती भराभर पुढे येईल." चित्रात मागचा मणी सरकत सरकत पुढच्याला जाऊन चिकटला. शर्वरीचे डोळे मोठे झाले. "कुणाचीच चूक नाही, तरी घोळका!"

"याला म्हणतात स्वयंवर्धी बदल (स्वतःच स्वतःला वाढवत नेणारा बदल). डोंगरउतारावरून धावताना पाय आपोआप वेग घेतात ना, तसं."

"मग थांबवायचं कसं?"

लंबूचा दिवा जरा मंद झाला. "मागची बस फार जवळ आली, की तिनं थोडं थांबायचं, एवढंच. या रस्त्यावर एक चालक असं करायचे. रोज मला विचारायचे, 'काय लंबूशेठ, पुढची जाऊन किती झाली?' मी म्हणायचो, सात मिनिटं. मग ते दोन-तीन मिनिटं थांबायचे. नुसतं थांबलं की लोक चिडतात, म्हणून आरसा पुसायचे."

शर्वरी वर बघतच राहिली. मण्यांचा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

"लोक हसायचे त्यांना," ती म्हणाली.

"बसमधले हसायचे. ते थांबायचे पुढच्या थांब्यांवर अजून न पोचलेल्या माणसांसाठी. ती माणसं तेव्हा बसमध्ये नसायचीच, मग त्यांचे आभार कोण मानणार?"

तेवढ्यात धुक्यातून एक बस आली, गच्च भरलेली. दोघे-तिघेच कसेबसे चढले आणि ती गेली. पाठोपाठ दुसरी आली, रिकामी. उरलेले सगळे तिच्यात चढले. दारातून ईशान ओरडला, "शर्वरी, चल ना! चाळीस मिनिटं झाली!"

शर्वरी जागची हलली नाही. "लंबू, हिला थांबवता येईल?"

"प्रवाशानं सूचना दिली, तर एक दिवसाचा प्रयोग करता येतो. तीन मिनिटं इथं, बाकीची मिनिटं पुढच्या थांब्यांवर थोडी थोडी. सगळं नीट जमलं, तर उद्यापासून बसचा मेंदू माझं ऐकेल." लंबूनं आवाज चढवला. "नऊ नंबर, तीन मिनिटं थांब!"

बसमध्ये एकच गलका झाला. "अरे काय चाललंय? कुणाचं डोकं हे?"

"नोंदीत नाव लागतं," लंबू शर्वरीला म्हणाला. "सूचना कुणाची? मोठ्यानं सांग."

सगळी बस तिच्याकडे बघत होती. शर्वरीनं दप्तरातून एक पिवळं फडकं काढलं आणि टाचा उंचावून बसच्या पुढच्या काचेवरचं धुकं पुसू लागली. धुक्यावरच्या चित्रात मागचा मणी थबकला. त्याच्या पुढची वाट हळूहळू उजळत, लांबत गेली.

"हे फडकं..." ईशान खिडकीतून वाकला. "त्या ड्रायव्हरकाकांचं ना? म्हणजे तू ओळखायचीस त्यांना?"

शर्वरीनं पुसणं थांबवलं आणि अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सूचना सुजय तांबटांची. ते माझे बाबा."