हात लावायचा नाही!

खोका एक आणि त्यावर हात दोन. एक तिचा, एक त्याचा.

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचं ते चिंचोळं दुकान. गाडीत बसवायच्या स्वस्तातल्या ब्रशलेस मोटरींचा कप्पा जवळजवळ रिकामा झालेला आणि मोठ्या आकड्याचा तेवढा एकच खोका उरलेला. तिनं सोडला नाही. त्यानंही नाही.

"मी आधी धरला," ती म्हणाली.

"मान्य. पण... कशाला हवी, विचारू?"

"माझ्या ट्रकला. दगडधोंड्यांतून जातो तो. चाकं ही एवढी मोठी."

"मग ही घेऊ नका."

"वा! म्हणजे मी सोडायची आणि तुम्ही न्यायची?"

गल्ल्यामागून दुकानदार काका खुदकन हसले. "अगं, हे शाळेत विज्ञान शिकवतात. समजावल्याशिवाय यांना घास जात नाही."

"मग समजवा की... सर!" तो 'सर' तिनं मुद्दाम लांबवला.

तो कानापर्यंत लाल झाला, पण खोका त्यानं तिच्याकडे वळवला. "हा आकडा बघा. एका व्होल्टला मोटर मिनिटात किती वेळा फिरेल, एवढंच तो सांगतो. वेग सांगतो, जोर नाही. माझी गाडी हलकी, तिला ही चालेल. तुमचा ट्रक जड, त्याला लहान आकड्याची हवी; वेग कमी, जोर जास्त. चढावर सायकल जड गिअरमध्ये मारून पाहिलीय?"

"पायांत गोळे येतात."

"मोटरलाही येतात. फक्त ती बोलत नाही, तापत जाते... आणि मग धूर."

तिनं खोक्यावरचा हात काढला. त्या धुराचा जळका वास तिच्या ओळखीचा होता.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, म्हणून या गाड्यांच्या शर्यती भरायच्या त्या मैदानावर सगळे तिला 'चष्मेवाली' म्हणत. मैदानाच्या टोकाला एक मातीचं टेकाड होतं. तिथं खेळणाऱ्यांपैकी एकजण पाळीपाळीनं कडेला उभा राहायचा आणि गाडी उलटली तर सरळ करून द्यायचा. पण हात लागला की ते टेकाड तुम्ही पार केलं असं कुणी मानत नसे. मागच्या खेपेला तिच्या ट्रकला तसा हात लागला होता. "चष्मेवाली, गाडीलाही नंबर काढा!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खं मैदान हसलं होतं. तिला शर्यत जिंकायची नव्हती. कुणाचाही हात न लागता त्या टेकाडापलीकडे उतरायचं होतं, बस्स.

"माझ्याकडे एक भारीतली मोटर नुसती पडून आहे," तो हळूच म्हणाला. "हवी असेल तर—"

"मागितली का मी?"

"नाही..."

"मला परवडेल तीच बसवीन. शिकवा, सर. देऊ नका."

तो बघतच राहिला. तिनं खालच्या कप्प्यातल्या लहान आकड्याच्या मोटरचा खोका उघडायला लावला. रुमालाची गाठ सोडून ट्रकचं इवलंसं दातेरी चाक काढलं आणि मोटरच्या दांड्यावर चढवून पाहिलं.

"सैल बसतंय. काका, जरा जाड दांड्याची आहे?"

काकांनी तसलीच दुसरी काढली. चाक गच्च बसलं.

"हे मला कधीच सुचत नाही," तो म्हणाला. "मी आधी मोटर नेतो, मग चाकासाठी परत येतो."

"म्हणून तर माझं दुकान चालतं!" काका म्हणाले.

रविवारी टेकाडावर उभं राहायची पाळी नेमकी त्याचीच आली. रिमझिम पडून गेलेली, माती लोण्यासारखी झालेली. तिचा ट्रक आला. घाई नाही, आवाज नाही. एकेक दगड चाकाखाली घेत वर चढला... आणि अगदी माथ्यावर पालथा पडला. चारही चाकं आभाळाकडे.

तो चटकन वाकला.

"हात लावायचा नाही!"

मैदानापलीकडून आलेल्या त्या आवाजानं त्याचे हात हवेतच थांबले. त्यानं ते पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

तिनं रिमोटचा खटका मागे ओढला, पुढे ढकलला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. जड चाकं गरगरायची, ट्रक पाठीवर डुलायचा आणि परत पडायचा. कुणीतरी हसायला लागलं. तिनं ओठ घट्ट मिटले... आणि खटका एकदम पूर्ण ओढला. मोटरनं सगळा जोर लावला, ट्रक अंगाला हिसका देऊन उसळला आणि धप्पकन चाकांवर उभा राहिला!

आधी टाळ्या, मग शिट्ट्याच शिट्ट्या. ट्रक मात्र कुणाकडे न बघता पलीकडे उतरला आणि उतारावर थांबला.

ती चिखल तुडवत टेकाडावर आली. तो अजून तसाच, हात मागे बांधून उभा.

"सोडा की हात आता! शिक्षा झालीय का वर्गात?"

"शिक्षाच होती. समोर ट्रक तडफडत होता आणि मी..." तो अडखळला. "दुकानात तुम्ही म्हणालात ना, 'देऊ नका'... तेव्हापासून माझं चित्तच थाऱ्यावर नाही. काल गुरुत्वाकर्षण शिकवताना फळ्यावर सफरचंदाऐवजी ट्रक काढला. पोरं खो-खो हसली."

"मग? काय सांगितलंत पोरांना?"

"त्यांना काही नाही सांगितलं. तुम्हाला सांगतो... मला तुम्ही आवडता. फार."

तिनं चष्मा काढला, ओढणीनं उगाचच पुसला, पुन्हा लावला.

"सर, मला मदत करणारे पुष्कळ भेटले," ती म्हणाली. "थांब म्हटल्यावर थांबणारा आजच भेटला."

"म्हणजे...?"

"म्हणजे काय, तेही मीच समजावू?"

ती खाली उतरली आणि चिखलानं दुप्पट जड झालेला ट्रक एका बाजूनं उचलला. दुसरी बाजू तशीच अधांतरी ठेवली.

"ये," ती म्हणाली. "इथं लाव हात."

ट्रक मधे धरून दोघं मैदानातून चालत निघाले. त्याच्या शर्टावर चिखलाचे ओघळ येत होते. तिची मान मात्र अशी ताठ, की शिट्ट्या मारणाऱ्यांनी आपणहून वाट करून दिली.