जपलेला आवाज

"मॅडम, तुम्हाला तुमच्या नवऱ्याचं घोरणं ऐकू येतं का?"

नभाने एका दमात विचारून टाकलं आणि दाराशी उभ्या असलेल्या इरा आणि झोयाने एकमेकींच्या दंडाला चिमटे काढले. पैज बसमध्येच लागली होती. इचलकरंजीहून कोल्हापूरला येताना इरा म्हणाली होती, "त्या पटवेगार मॅडमच्या कानात मणी नाहीये म्हणे. विचारशील? नाही विचारणार. तुझी टरकते." नभाची टरकते म्हणजे काय! महिनाभरापूर्वी शाळेच्या वृंदगानाचं मिक्सिंग तिने एकटीने केलं होतं, तेव्हापासून ती कुणालाच टरकत नव्हती.

ध्वनिशाळेच्या डॉ. नसीमा पटवेगार हातातली वायर गुंडाळत होत्या, त्या गुंडाळतच राहिल्या.

"येतं की. करवतीसारखं. एकदा ते मधेच थांबलं, तेव्हा मला जाग आली. म्हणून आज माणूस घरी बसून भाजी निवडतोय. अजून काही विचारायचंय, की हेडफोन बघायचे?"

मुली हसायचं विसरल्या. घोरणं हा शब्द त्यांना पुस्तकात भेटलेला. खरं घोरणं तिघींपैकी एकीनेही कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? कानमणी होता ना.

कानमणी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. ती कानाच्या नळीत बसते. बाहेरच्या बाजूला तिला इवलासा माइक, आतल्या बाजूला इवलासा स्पीकर. बाहेरून आवाजाची लाट आली की मणी तिच्या बरोबर उलटी लाट सोडतो. जिथे हिचा उंचवटा, तिथे तिचा खड्डा. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात, मागे शांतता उरते, आणि त्या शांततेत मणी स्वतःची आवृत्ती वाजवतो. हे इतक्या झटकन होतं की मेंदूला पत्ता लागत नाही. सुरुवात झाली ती यंत्रमागांच्या शेडमध्ये, कामगारांचे कान वाचावेत म्हणून. नभाचे पणजोबा चाळिशीतच ठार बहिरे झाले होते, त्यामुळे इचलकरंजीत मण्याला कुणी नाव ठेवत नाही. पुढे त्यात रंधा आला. सुतार लाकडावर फिरवतो तसा हा आवाजावर फिरतो आणि किरकिर, खरखर, खोकला, चढलेली पट्टी असलं सगळं तासून काढतो. भांडणंसुद्धा गुळगुळीत झाली.

आणि मग आला जपलेला आवाज. पाचव्या वर्षी कान टोचतात, त्याच दिवशी मणी बसवतात. मामाच्या मांडीवर मूल, सोनार बाळी घालतो, ते भोकाड पसरतं, मग मण्याचा तंत्रज्ञ लाडाने विचारतो, "बाळा, कुणाचा आवाज जपायचा?" मूल आईकडे बोट दाखवतं. आई माइकमध्ये चार वाक्यं बोलते, सगळ्यांचे डोळे भरतात, पेढे वाटले जातात. त्या दिवसापासून तो आवाज त्या कानात कधीच म्हातारा होत नाही. (इराने आइसगोळेवाल्याकडे बोट दाखवलं होतं. तिच्या घरी हा विषय अजून निघतो.)

तर अशा जगात नभाला मिक्सिंग करायचं होतं! वृंदगान ऐकून इरा म्हणाली होती, "तबला काय बसलाय गं!" आणि झोया म्हणाली होती, "तबला नव्हताच तर." दोघींच्या मण्यांनी आपापल्या आवडीचं ऐकवलं होतं. नभा चक्रावली. प्रत्येकीला वेगळंच ऐकू येत असेल तर आपण नक्की काय मिसळलं? तिला आता खरं ऐकायचं होतं. त्यात आतेबहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. मंगलाष्टकं नभाच्या आईची. आख्ख्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं श्रेयाकाकूंनीच म्हणायची. हल्ली ती आधी रेकॉर्ड करून मांडवातल्या सगळ्यांच्या मण्यांत सोडतात. या खेपेला मिक्सिंग नभाचं होतं. म्हणून हेडफोन.

पटवेगार मॅडमनी टेबलावर तीन जोड मांडले.

"तिन्ही कोरे आहेत. कोरे म्हणजे कानावर चढवले की मण्याला झोपवतात, काढले की उठवतात. आता निवडायचं कसं? दोन गोष्टी. तिन्हींचा जोर सारखा ठेव, कारण जो मोठ्याने वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. आणि नवीन गाणं लावू नको. ज्याचा खडान्‌खडा पाठ आहे असा आवाज लाव, म्हणजे हेडफोन कुठे खोटं बोलतो ते कळेल."

"आईचीच मंगलाष्टकं लावते," नभा म्हणाली. "त्याहून पाठ काय असणार?"

आधी सनई-चौघड्याचा तुकडा. पहिल्या जोडात चौघडा थेट पोटात घुमला. "भारी!" ती ओरडली.

"भारी वाटतो, कारण खर्ज फुगवलाय. याच्यावर मिसळशील तर तू खर्ज कमी करशील आणि मांडवात चौघडा मेल्यासारखा वाजेल. लाड करणारा हेडफोन कामाचा नाही. पुढचा."

दुसऱ्याच्या वाट्या बंद होत्या. सनई डोक्याच्या आत, डब्यात कोंडल्यासारखी. "हा गाताना घालायला चांगला, बाहेर आवाज सांडत नाही," मॅडम म्हणाल्या. तिसऱ्याच्या वाट्यांना मागे जाळी होती. तो घातला आणि सनई डोक्यातून बाहेर पडून समोर जाऊन बसली. चौघडा डावीकडे, थोडा मागे. दोघांच्या मधली रिकामी जागासुद्धा ऐकू येत होती.

"हाच!" नभा म्हणाली. "आता आई."

आवाज सुरू झाला. कुणीतरी बाई गात होती. घोगरी. शब्दाशब्दाला श्वास गळत होता, फाटलेल्या पिशवीतून पीठ गळावं तसा. 'सावधान' वर सूर चढायच्या आधीच चिरफाळला.

"मॅडम, फाइल चुकली."

"नाही चुकली."

"ही माझी आई नाहीये."

मॅडमनी दुसरा जोड स्वतःच्या कानाला लावला. मणी नसलेल्या कानाला. बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "आई घशासाठी काही घेते का गं?"

नभाच्या डोळ्यासमोर ज्येष्ठमधाची काडी आली. उन्हाळ्यापासून आईच्या गालात सतत असायची. फोनवर बोलताना हात गळ्याशी जायचा. हे सगळं तिने पाहिलं होतं. पण आवाज मधासारखा होता, मग काडीचं काय एवढं? "ज्येष्ठमध. उन्हाळ्यापासून," ती म्हणाली.

"घसा आहे, बसतो," मॅडम म्हणाल्या. "ताण असेल, गाठ असेल, काहीच नसेलही. मी आवाजाची डॉक्टर, घशाची नाही. पण इतके दिवस बसलेला राहिला, तर कुणीतरी आत दिवा घालून बघायला हवं. पूर्वी हे आधी घरच्यांना कळायचं. 'काय झालं गं आवाजाला?' एवढं कुणी विचारलं की माणूस दवाखान्यात जायचं."

"पण आईला स्वतःला कळायला नको?"

"तिच्याही कानात मणी आहेच की."

इरा हळूच म्हणाली, "मग मणी काढूनच टाकता येत नाही का?"

"येतो. पण एकदा काढला की पुन्हा बसत नाही. रिकामी झालेली नळी दुसऱ्यांदा मणी धरत नाही. नभा, तुझ्या कानात तुझ्या पाचव्या वर्षीची आई आहे. ती जाईल. रेकॉर्डिंग राहतील, पण 'नभा, जेवायला ये' म्हणून हाक मारणारी ती राहणार नाही. आणि समज, उद्या या घशाचं काही बरंवाईट निघालं, तर मणी असलेल्यांना ती शेवटपर्यंत गोड ऐकू येईल. तुला नाही. म्हणून मी कुणाला सांगत नाही, काढ म्हणून."

नभाने हेडफोन काढले आणि तेच रेकॉर्डिंग टेबलावरच्या स्पीकरवर लावलं. मध. निव्वळ मध. तिला भीती वाटली ती या मधाची.

तिसरा जोड घेऊन ती घरी आली. आई स्वयंपाकघराच्या ओट्याशी कोथिंबीर चिरत होती, गालात काडी. बाबा, म्हणजे अथर्व इंगवले, टेबलाशी साडीच्या काठाचं डिझाइन करत होते.

"आलं का डबडं?" बाबांनी विचारलं.

"आई, तुझा आवाज बसलाय."

"माझा?" आई हसली. किती सुरेल हसली! "सर्दीसुद्धा नाही मला."

"मग काडी कशाला चघळतेस?"

"खवखवतं गं जरा. लग्न होऊ दे, मग बघू."

"डॉक्टरकडे जाऊ या. उद्याच."

"आणि सांगू काय त्यांना? काहीच होत नाही म्हणून आले?"

नभाने हेडफोन बाबांच्या डोक्यावर चढवले आणि मंगलाष्टकं लावली. एकदा ऐकलं की झालं, असं तिला वाटलं होतं. बाबांचा चेहरा आंबट झाला.

"हॅ! हे काय? घोगरं, फाटकं. नभू, फसवलं तुला. डबडंच आहे हे."

"बाबा, तेच खरं आहे! बाकी सगळं मणी वाजवतो!"

"मी तुझ्या आईला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तू नव्हतीस. मला शिकवतेस तिचा आवाज? ही श्रेया नाहीच. कुणीतरी आजारी बाई आहे."

"तेच सांगतेय ना!"

"बघू मला," म्हणत आईने हात पुसले आणि हेडफोन घातले. हात गळ्याशी गेला. मग आईने हेडफोन काढून नीट तिच्या हातात ठेवले. "परत करून ये बाई. दुसरे घे. चांगल्या आवाजाचे."

नभा ओरडली. आयुष्यात ओरडली नव्हती इतकी. काय काय बोलली ते तिचं तिलाही आठवलं नसतं. बाबांनी डोकं वर करून कौतुकाने पाहिलं. "ऐकलंस का गं श्रेया? रागावतेय, तरी आवाज कसा गोड लागलाय! तुझ्यावर गेलीय."

नभाला कळेना, आता कोणत्या पट्टीत बोलायचं. किंचाळलं तरी रंधा फिरणार, कुजबुजलं तरी फिरणार. डोळ्यातलं पाणी दिसत होतं त्यांना, पण ते पाणी आणि हा गोड आवाज यांची सांगड त्यांना घालता येत नव्हती, आणि दोघांनीही विश्वास आवाजावर ठेवला होता. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "नभा, जेवायला ये," ती म्हणाली. तीच हाक. पाचव्या वर्षीची, जशीच्या तशी. राहू दे ना, असं नभाला वाटलं. हेडफोन परत करावे, जेवावं, लग्नात मिरवावं.

तिने हेडफोन कानांवर चढवले. "काय झालं बाळा?" ओट्यापाशी उभ्या त्या घोगऱ्या बाईने विचारलं आणि वाक्याच्या शेवटी तिचा श्वास संपला.

नभाने हेडफोन काढले नाहीत. स्वतःचा आवाज तिला जसा होता तसा ऐकू आला. चिरका, थरथरता, नाकात अडकलेला.

"उद्या शाळा सुटली की मी परस्पर कोल्हापूरला जाणार आहे. हेडफोन घालून जगता येत नाही, मणीच काढून घेणार आहे. कायमचा. सोळा पूर्ण झालीत मला, माझी सही चालते. तुम्हाला हे गोड ऐकू येत असेल तर येऊ दे. या घरात निदान एकीला तरी तू ऐकू यायला हवीस, आई."