पाणंदीवरची भिंत

नकाशातली पाणंद खोडणारे साहेब, सोनाजीला तुम्ही मारलं. ट्रकनं नाही.

हे घडलंय. माझा मावसभाऊ पुंजाराम तिथं वॉचमन होता. मागच्या वैशाखातला मंगळवार, दुपारचे बारा, संभाजीनगरच्या बायपासपलीकडची नवी कॉलनी.

कॉलनीचा रस्ता सरळ जातो आणि भिंतीवर आपटतो. भिंतीमागं दुसरी प्लॉटिंग, तिचाही रस्ता तिथंच मरतो. मधून पूर्वी पाणंद होती. सोनाजी मेंढरं घेऊन तिच्यानंच जायचा. भिंत झाली त्या दिवशी पुंजारामनं त्याला परत पाठवलं.

"काका, वळसा घाला."

वळसा म्हणजे बायपास. तासाभरात तिथं ट्रकखाली सोनाजी आणि चाळीस मेंढरांचा चेंदा झाला.

महिन्यानं, त्या मंगळवारी, शालूचा फोन आला. पुंजारामची बायको, नववा महिना. खोली भिंतीला लागूनच, पण पलीकडं.

"अहो, लई रगत जातंय... रिक्षावाल्याला रस्ताच घावंना!"

पुंजारामनं घण उचलला. सुपरवायझर अप्पाराव आडवा आला.

"भिंतीला हात लावलास तर तंगडं मोडीन. जा वळसा घालून."

"चार किलोमीटर हाय, साहेब! मरंल ती!"

"मग उडून जा की." अप्पाराव भिंतीला टेकून हसला.

तेवढ्यात... घंटा. मेंढराच्या गळ्यातली.

मग खुरं. भिंतीपलीकडून... शेकडो.

"शालू, कोण हाय तिकडं?" पुंजाराम चालू फोनवर ओरडला.

"कुणीच नाय हो..."

धाड!

भिंत फुगली.

धाड!

विटा उडाल्या. अप्पाराव खाली गाडला गेला. त्याच्या अंगावरून काहीतरी जात होतं... जातच होतं. दिसत काही नव्हतं. बरगड्या मोडताना मात्र ऐकू येत होत्या.

"पुंजा... हात दे..."

पुंजाराम वाकला. ओल्या लोकरीचा वास आला. अगदी कानाशी...

"वळसा घाल."

त्यानं घातला. अप्पारावला तसाच टाकून, बाजूनं, शालूकडं पळाला.

भगदाडातून तिला उचलून आणलं, रिक्षात घातलं. शालू वाचली. लेकही वाचली. अप्पारावच्या छातीवर खुरांचे काळेनिळे ठसे होते. कागदावर लिहिलं, भिंत कोसळून मृत्यू.

पुंजारामनं नोकरी सोडली. लेक रडली की अजूनही तो आधी भिंतीकडच्या बाजूला कान देतो.

भिंत पंधरा दिवसांत पुन्हा उभी राहिली. दोन फूट जास्त उंच. परवा भर दुपारी तिथल्या नव्या वॉचमनचा पुंजारामला फोन आला.

"भाऊ, घंटा वाजतीय... अन् भिंत फुगल्यावानी दिसतीय..."

फोन तुटला. मग लागलाच नाही.

या भिंतीवर सही कुणाची आहे, साहेब? नाव सांगा.