लेटिसला बाहेर बोलव

लॉकचा जाड लाकडी दरवाजा लोटायला मेरिन टॉलीने पाठ टेकवली आणि मागून भोंगा वाजला.

"अहो... थांबता का? जागा असेल तर मीही येतो!"

थर्मस्टनला त्या सकाळी पाऊस नुसता पडत नव्हता, बिऱ्हाड घेऊन राहायला आला होता. मेरिनने पाठ काढून घेतली. लॉक म्हणजे नदी जिथे पायरी उतरते तिथे दोन दरवाज्यांमधली दगडी पेटी. आत शिरायचं, झडपा उघडून पाणी खाली जाऊ द्यायचं, पाण्याबरोबर आपणही उतरायचं आणि पुढच्या दारातून निघायचं. सोअर नदीवरची लॉक दोन चिंचोळ्या बोटी शेजारी-शेजारी मावतील एवढी रुंद. मागून कुणी येत असेल तर थांबायचं, हा रिवाज. मेरिन रिवाज पाळायची, फक्त पाळता-पाळता समोरच्याला जोखून घ्यायची. एकटीने बोट हाकणाऱ्या बाईला ती सवय लागतेच.

दोर नीट वेटोळा करून ठेवलेला... जमा. अशा पावसात डोक्याला टोपी नाही... खर्च. बोट भिंतीला न घासता आत आली... ठळक जमा. आणि भिजलेल्या पापण्या मिचकावत तो तिच्याकडे बघून हसला, ते कुठल्या बाजूला मांडावं हे तिला चटकन सुचेना.

मग दोन्ही बोटी एकमेकींना टेकल्या आणि त्याच्या बोटीच्या अंगावरची रंगवलेली अक्षरं तिला दिसली. ठसठशीत ‘मॅरिगोल्ड’, आणि खाली वळणदार अक्षरांत, ‘अँब्रोज आणि लेटिस’.

खर्च. सगळाच्या सगळा.

"कुठवर जाणार, अँब्रोज?" तिने कोरड्या आवाजात विचारलं. तेवढीच एक गोष्ट त्या दिवशी कोरडी होती.

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचार बदलला. "लफबरापर्यंत. तुम्ही?"

"मीही. म्हणजे पोचले तर."

तिने भिंतीवरच्या, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या रंगीत पट्टीकडे बोट दाखवलं. पाणी हिरव्यात असेल तर खुशाल चला, पिवळ्यात जपून, आणि लाल झालं की असाल तिथेच बांधून बसा. पाणी पिवळ्यात होतं, आणि पुढे रीक नदी येऊन तिचं पाणी याच्यात ओतणार होती. संध्याकाळच्या आत पिलिंग्जच्या पूरदरवाज्यातून कालव्यात शिरलं तर सुटका. गेल्या हिवाळ्यात मेरिन नदीवरच अडकली होती. पूर ओसरला तेव्हा तिची बोट डॅबचिक, म्हणजे तिचं राहतं घर, अर्धी कुरणात चढून बसली होती आणि मेंढ्या खिडकीतून आत बघत होत्या.

"मग बरोबरच जाऊ," तो म्हणाला. "दरवाजे आलटून-पालटून उघडू. तुमची हरकत नसेल तर..."

"माझी कशाला असेल? घरात विचारा."

"घरात?" त्याने मागे वळून स्वतःच्या बोटीकडे पाहिलं. "घराची काही हरकत नाही."

फार सुखी संसार दिसतोय, मेरिन मनात म्हणाली.

कॉसिंग्टनपर्यंत तिने हिशेब चोख ठेवला. तो बोलायला मजेशीर होता... असेल. लॉकच्या ओल्या कडेवर तिचा पाय सरकला तेव्हा त्याने कोपर धरलं आणि लगेच सोडलं... सोडणारच, बायको खिडकीशी असेल. आणि होतीच की! गोल खिडकीतून पिवळा रेनकोट हलताना मेरिनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. धुराड्यातून धूर येत होता, आणि मधूनच तो आत डोकावून कढत-कढत काहीतरी घेऊन बाहेर येत होता. एकदा त्याने बोटीवरून बोटीवर हात लांबवला. त्यात वितळत्या चीजचा टोस्ट, वर मोहरीचा चटका.

"हाताला चव आहे हो," मेरिन नाइलाजाने म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "खरंच? मला वाटलं मोहरी जास्त झाली."

नवरा असावा तर असा! बायकोचं कौतुक केलं तर याचे कान लाल. तिने टोस्टचा शेवटचा तुकडा रागाने चावला.

काठाला बांधलेल्या एका बोटीवरून छत्रीखालचा म्हातारा ओरडला, "काय रे अँब्रोज, पोहायला निघालास की काय?" त्याने नुसता हात हलवला.

साइलबीच्या अलीकडे मॅरिगोल्डचं इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. डिझेलमध्ये पाणी. काठ उतारावर, बांधायला जागा नाही, खाली प्रवाह ओढतोय. मेरिनने फार विचार केला नाही. डॅबचिक त्याच्या शेजारी घातली आणि पुढून-मागून दोरांनी दोन्ही बोटी घट्ट जखडल्या. आता एक इंजिन, एक सुकाणू आणि दुप्पट वजन.

"तुम्ही मला सोडून जायला हवं होतं," तो तिच्या शेजारी, तिच्याच डेकवर उभा राहून म्हणाला. त्याचं काम आता तेवढंच उरलं होतं.

"हवं होतं. अजूनही जाऊ शकते. सुरी त्या खुंटीवर आहे."

"मग मी सुरीच्या बाजूला उभा राहतो."

ती हसली. हसायचं नाही असं ठरवून हसली, म्हणून जरा जोरातच.

माउंटसोरेल मागे पडलं. दोघं एका सुकाणूशी, एका छत्रीखाली. छत्री त्याने धरलेली आणि सगळी तिच्याच बाजूला कललेली. मेरिनला त्याच्या ओल्या स्वेटरचा वास येत होता, आणि स्वतःचा राग. लोकांच्या नवऱ्यांवर जीव जडवणाऱ्या बायकांना तिने आजवर भरपूर टोमणे मारले होते. बॅरो आलं की बांधू याला काठाला, ती ठरवत होती. लेटिसबाईंना म्हणू, घ्या तुमचा माणूस सांभाळून. आणि मग... मग पुढे एकटीने.

"तुम्ही एकदम गप्प झालात," तो म्हणाला.

"प्रवाह बघतेय."

"मीही बघतोय मघापासून." पण तो प्रवाहाकडे बघत नव्हता.

"अँब्रोज," ती म्हणाली, "हे बरं नाही."

"काय?"

त्याच क्षणी पायांखाली धप्प झालं आणि इंजिनाचा आवाज घुसमटून बंद पडला. बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी गुरफटलं होतं. पुढे वळण, आणि वळणाच्या डाव्या अंगाला बॅरोचा बंधारा घुमत होता. जखडलेल्या दोन्ही बोटी हळूहळू आडव्या फिरल्या आणि त्या घुमण्याकडे सरकू लागल्या.

"नांगर!" मेरिन ओरडली. "मागचा! तो कोपऱ्यात! आणि आधी लेटिसला बाहेर बोलव!"

"कुणाला?"

"लेटिसला! आत अडकेल ती! बोट उलटली तर दार उघडणार नाही! बोलव तिला!"

"कोण लेटिस?"

"तुझी बायको, मूर्खा!"

नांगर दोन्ही हातांत धरून तो थिजून उभा राहिला. "मला बायको नाही!"

"मग टाक तो!"

त्याने टाकला. साखळी खडखडत गेली, गेली, आणि ताणली. नांगर चिखलात घसटला, सुटला, पुन्हा घसटला... आणि धरला. दोन्ही बोटी हिसका खाऊन थांबल्या. आतमध्ये त्याची बशी फुटल्याचा आवाज आला. बंधारा पुढे तसाच घुमत राहिला, पण पुढे.

मेरिनने साखळी खेचून पाहिली. पक्की होती.

"आतला पिवळा रेनकोट?" मेरिनने शेवटी विचारलं.

"बोटीबरोबर आला. खुंटीवर लटकलेला असतो." तो धापा टाकत डेकवर बसला. "बोट मी इस्टरला घेतली. अँब्रोज आणि लेटिस आधीचे मालक, दोघं आता लेकीकडे राहतात. बोट पाण्यात असताना तिच्यावरची अक्षरं पुसायची नाहीत ना! सगळी नदी म्हणाली, अपशकुन होतो, बाहेर काढशील तेव्हा बघ. मी ऐकलं. आता सगळी नदी मला अँब्रोज म्हणते. आधी-आधी मी सांगायचो. मग कंटाळलो."

"मग मला तरी सांगायचंस!"

"सकाळी सांगणारच होतो." त्याने मान खाली घातली. "पण तुझ्या तोंडून ते नाव इतकं रागाने आलं... म्हटलं, राग त्या अँब्रोजवरच राहू दे. माझं खातं कोरं असू दे."

मेरिनला हसू फुटलं. भीती, थंडी, दिवसभराचा राग, सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं. हसता-हसता डोळे पुसावे लागले, आणि अशा पावसात ते पुसूनही काही उपयोग नव्हता.

"नाव सांग."

"कॉरिन. कॉरिन हॅस्लॉप."

"मी मेरिन. कॉरिन, माझा कमरेचा पट्टा धर. घट्ट. मला पंख्यापर्यंत हात घालायचाय."

डेकची झडप उघडून ती पोटावर आडवी झाली आणि बर्फगार पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. खताचं पोतं निघालं, तुकड्या-तुकड्याने, शिव्या-शिव्यांनी. काम संपलं तरी त्याने पट्टा सोडला नाही. तिनेही आठवण करून दिली नाही.

इंजिन धडधडलं. नांगर ओढताना दोघांचे तळवे सोलले. बॅरोचं लॉक उतरून ते पिलिंग्जला पोचले तेव्हा पट्टीवर पाणी लाल रेघेला जीभ लावत होतं. उघड्या पूरदरवाज्यातून दोन्ही बोटी आत शिरल्या, आणि नदीची ओढ पायांखालून अचानक गेली. कालव्याचं पाणी शांत होतं, वर नुसते पावसाचे ठिपके. मेरिनने सुकाणूवरून हात काढून घेतले. त्याने ते सोललेले हात आपल्या हातांत घेतले, हे त्याने फार छान केलं.

लफबराला काठावर एकाच बोटीपुरती जागा उरली होती. डॅबचिक काठाला लागली, मॅरिगोल्ड तिच्या बाहेरच्या अंगाला. अशा वेळी बाहेरच्या माणसाने काठावर जायचं तर आतल्या बोटीवरून जायचं, तेही विचारून. तोही रिवाजच.

मेरिनने कोरडे कपडे घातले, किटली ठेवली. तेवढ्यात बोट हलकेच कलली आणि छतावर बोटं वाजली.

"डॅबचिकवर कुणी आहे का? जरा... पलीकडे जाऊ का?"

तिने दार उघडलं. कॉरिन दारात उभा, केसांतून पाणी गळतंय.

"कुठे निघालास?"

"काठावर."

"काय आहे काठावर?"

त्याने वळून काठाकडे पाहिलं. एक कचऱ्याचा डबा, एक भिजलेलं बदक. तो विचारात पडला.

"काहीच नाही," तो म्हणाला. "मेरिन, खरं सांगू? मला इथवरच यायचं होतं."

"मग आत ये," ती म्हणाली. "आणि दार लाव. ऊब बाहेर चाललीय."