रिकाम्या पेटीतले ठोके

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे माझ्या सख्ख्या ताईसोबत घडलंय, आणि मी पदरचं काहीच घातलेलं नाही.

मागच्या मंगळवारची गोष्ट. दुपारचे सव्वातीन.

ताई केबलच्या कारखान्यात तपासनीस आहे. रुग्णाच्या छातीपासून मॉनिटरपर्यंत जाणारी लवचिक केबल तिथे बनते. आतल्या नाजूक तारांभोवती तांब्याची जाळी विणतात. बाहेरच्या विजेची गडबड आत शिरू नये म्हणून.

चाचणी साधी. केबलच्या तुकड्याचं एक टोक मॉनिटरला. दुसरं मोकळं, बंद पोलादी पेटीत. स्क्रीनवर सरळ रेघ हवी.

त्या दिवशी रेघ हलली...

एक ठोका. मग दुसरा.

ताईने जाळीच्या मशीनवरच्या काकांना बोलावलं. सगळे त्यांना 'विणकर' म्हणतात.

"विणकर, तारेचं एखादं रीळ मध्येच संपलं ना? जाळीत फट राहिलीय."

"सोळाच्या सोळा भरलेली होती, मॅडम. माझ्या डोळ्यांवर संशय?"

"डोळ्यांवर नाही. डुलकीवर."

काकांनी रागाने वरचं आवरण सोललं.

जाळी अखंड होती.

ताईने नवा तुकडा लावला. मॉनिटर बदलला. पेटी उघडून पाहिली... रिकामी.

चहाच्या सुट्टीत तिने मेन स्विच बंद करायला लावला. मॉनिटर बॅटरीवर. मशीनं थांबली. पंखे थांबले...

ठोके आणखी स्पष्ट झाले.

"मॅडम," काका हळूच म्हणाले, "हे बाहेरून येत नाहीये."

ताईने माल पास करायची सही केली नाही. "माणूस गेला तरी स्क्रीनवर जिवंत दिसेल," तिने साहेबांना बजावलं.

"भुताटकी म्हणून माल अडवू?" साहेब हसले. दुसऱ्या तपासनिसाने सही केली. त्याच्यासमोर म्हणे रेघ सरळ राहिली.

माल गेला. कुठे, ते ताईला कुणी सांगत नाही.

काल आईला रुग्णालयात दाखल केलं. छातीला लावलेली केबल नवीकोरी आहे.

"ठोके अगदी नियमित आहेत," नर्स म्हणाली. "तुम्ही जरा पडा आता."

ताई स्क्रीनकडे बघतच नाही. सकाळपासून तिची दोन बोटं आईच्या मनगटावर आहेत. नाडी कधी लागते, कधी लागत नाही, म्हणते. डॉक्टरांच्या मते या वयात ती क्षीण असतेच.

असेलही.

मॉनिटर मात्र एकदाही चुकलेला नाही...