एका नंबराची दोन जहाजं

त्या शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी आमच्या वर्कशॉपच्या जनकोजींचा फोन आला, कस्टम्समधून पार्सल सुटलंय, गिंडीला येऊन फक्त उतरवून घे मा, अर्ध्या तासाचं काम. त्यांचं अर्ध्या तासाचं काम म्हणजे दिवस गेला, हे मला आता पाठ झालंय. तरी गेले. माझा नवरा अनय सर्व्हेच्या बोटीवर एन्नोरच्या समुद्रात खोली मोजायला गेला होता. वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत एकटीने कपडे वाळत घालण्यापेक्षा मांबलम स्टेशनवरून गाडी पकडलेली बरी, असा मी विचार केला.

आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार टेबलं आणि सोल्डरचा वास. आम्ही एआयएसच्या पेट्या विकतो, दुरुस्त करतो. ही पेटी बोटीवर बसवली की ती बोट दर काही सेकंदांनी रेडिओवरून ओरडत राहते, मी अमुक, माझा नंबर अमुक, मी इथे आहे. आसपासच्या जहाजांना ती पडद्यावर दिसते आणि कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. सगळं चालतं ते नंबरावर. जगातल्या देशांनी मिळून ठरवलंय की एका नंबराचं एकच जहाज. जहाज बुडालं तर त्याचा नंबर रद्द करायचा, सगळ्या देशांच्या याद्यांतून तो पुसला जायची वाट बघायची आणि तोवर त्याला हात लावायचा नाही. नियम इतका सोपा आहे की आमच्याकडे तो कोणी पाळत नाही.

पार्सल उघडलं तर आत लावण्याची नवी पेटी होती. लावण्या म्हणजे अनयची बोट.

"ही इथे आहे, मग ते लोक कुठल्या पेटीवर गेलेत?" मी विचारलं.

जनकोजी तंजावरचे. त्यांची मराठी आमच्या साताऱ्याच्या मराठीची पणजी शोभेल, आणि मधेमधे तमिळ. चष्मा पुसत म्हणाले, "पाहुणी पेटी दिलों की मा. नवी येईस्तंवर."

पाहुणी पेटी ही आमच्या वर्कशॉपची जुनी रीत. गिऱ्हाइकाची पेटी यायला उशीर झाला की कुठल्यातरी भंगार बोटीची साफसूफ करून द्यायची. पेटीशिवाय बंदरातून सोडत नाहीत ना.

"कुठल्या बोटीची?"

"सीतालक्ष्मीची."

सीतालक्ष्मी हा कासिमेडू बंदरातला मासेमारीचा ट्रॉलर. पावसाळ्यानंतर एका मालवाहू जहाजाने त्याला मधोमध कापलं होतं. पुढचा अर्धा भाग माणसांसकट तळाशी गेला, मागचा ओढून बंदरात आणला होता. त्यातूनच ही पेटी निघाली. तिच्या फटींतलं वाळलेलं मीठ मी स्वतः ब्रशने काढलं होतं.

"नंबर बदललात ना?"

"नाव बदललों. नंबर पुसायला परदेशच्या कंपनीचा कोड पाहिजे, तो कधी येणार? दोन दिवसांस कोण बघतो मा?"

म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायचे होते, पण वयाकडे बघून गिळले आणि जहाजं दाखवणारा पडदा चालू केला. लावण्या दिसली. एन्नोरच्या बाहेर, हळूहळू उत्तरेला चाललेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात ती खूण तिथून नाहीशी झाली आणि बरीच खाली दक्षिणेला उमटली. वेग शून्य. बाजूला नाव, सीतालक्ष्मी.

मग परत एन्नोर. लावण्या.

मग परत खाली.

"एका नंबराच्या दोन पेट्या बोलत असल्या की असंच दिसतं," मी म्हणाले. "पण दुसरी पेटी आहेच कुठे? ती एकच होती."

दोन्ही जागा एकमेकींच्या जवळ येत होत्या. लावण्या उत्तरेला चालली होती, आणि खालची खूण, जिचा वेग पडद्यावर शून्यच होता, तिच्या मागे मागे वर सरकत होती.

मी अनयला फोन लावला. किनारा जवळ होता, लगेच लागला.

"काय गं? जेवतोय."

"अनय, तुमची ती एआयएसची पेटी बंद कर. वायर उपट. कारण नंतर सांगते."

"अगं, पण समुद्र मोकळा आहे. ऊन आहे. आसपास चिटपाखरू नाही..." तो थांबला. "भोंगा कोण वाजवतंय?"

मलाही ऐकू आला. मोठ्या मालवाहू जहाजाचा, छाती हलवणारा.

"सुंदर, बोट वळव!" अनय ओरडला. सुंदर म्हणजे त्यांचा सुकाणूवाला. "ऋजू, समोर काही नाहीये... पण पाणी बाजूला होतंय. काहीतरी मोठं येत असल्यासारखं... डिझेलचा वास येतोय..."

"उपट ती वायर!"

"उपटली. ती माझ्या हातात आहे."

पडद्यावर दोन्ही खुणा एकमेकींवर बसल्या.

तो आवाज कोणाच्याही कानी पडू नये. डबा पायाखाली चेपावा तसा पत्रा कुरकुरला, आणि तो कुरकुरतच राहिला. अनय मला सांगत होता, अजूनही मलाच सांगत होता. "पत्रा आत येतोय. काहीच नाहीये समोर, ऋजू, पण पत्रा आत येतोय... सुंदरचे पाय... अरे देवा, त्याचे पाय अडकले..." सुंदरची किंकाळी मधेच तुटली, अशी तुटली की त्यापुढे आवाज यायला माणूसच उरला नसावा. लोखंड फाटलं. कोणीतरी तमिळमध्ये आईला हाक मारत होतं. मग फोनमध्ये पाणी शिरलं.

जनकोजी जमिनीवर बसले होते आणि स्वतःच्या तोंडात मारून घेत होते. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

संध्याकाळी कोळ्यांनी एका माणसाला जिवंत आणलं, आणि तो अनय होता. खांदा निखळलेला आणि थोडं खरचटलेलं, एवढंच. सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात मी त्याला मिठी मारून इतकी रडले की बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक मला पाणी द्यायला आले. देव आहे, असं मी तेव्हा मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इडली खात होता तेव्हा हवालदार आला. लावण्यावरची प्रेतं खाली शवागारात होती. "अम्मा, एका बॉडीच्या अंगठीवर ऋजुता असं कोरलंय. बघून घ्या."

मी अनयच्या हाताकडे पाहिलं. अंगठी बोटातच होती. म्हटलं, चूक झाली असेल, बघून येऊ.

स्टीलच्या टेबलावर अनय होता.

सारखा दिसणारा कोणी नव्हे. कानामागचा तीळ, लहानपणी सायकलवरून पडल्याची हनुवटीवरची खूण, सगळं होतं. कंबरेच्या खाली फार काही उरलं नव्हतं. मी कसेबसे एवढेच शब्द काढले, "माझा नवरा वर आहे. जिवंत आहे." हवालदाराने डोकं फिरलेल्या बाईकडे बघतात तसं माझ्याकडे पाहिलं. मी धावत वर गेले. अनय उशीला टेकून बसला होता. माझा हात धरून म्हणाला, "एवढी का थरथरतेस?" हात गरम होता.

मी त्याला सांगणार होते. तोंड उघडलं, तेवढ्यात तोच ओरडला.

गळ्याच्या खाली, जवळ कोणी नसताना, एक बारीक लाल रेघ उमटली. ती खाली सरकू लागली. हळू, सरळ, सराईत हाताने ओढावी तशी. तिच्यामागून कातडी उघडत गेली, आतलं पांढरं दिसलं आणि मग रक्त उसळलं. अनय पाय झाडत होता. सिस्टर धावली, तिने दोन्ही हातांनी छाती मिटून धरली, तरी तिच्या बोटांच्या खालून रेघ पुढे चाललीच होती.

डॉक्टरांच्या आधी मला कळलं. खाली पोस्टमॉर्टेम सुरू झालं होतं.

जिने मी कसे उतरले मला आठवत नाही. शवागाराचं दार लाथेने उघडलं आणि डॉक्टरच्या मनगटाला चावले. खरंच चावले, दात रुतेपर्यंत. पण त्याने आधीच सुरी थांबवली होती. तो टेबलापासून मागे सरकत होता आणि त्याचा ॲप्रन लाल झाला होता.

"मेलेल्या माणसातून रक्त उडत नाही," तो पुटपुटत होता. "असं उडत नाही..."

त्याने पुढे सुरी लावली नाही. प्रेत थंड कप्प्यात ठेवलं, वरच्यांना विचारून बघू म्हणाला. वरती अनयला टाके घातले. काळा दोरा, गळ्यापासून छातीच्या खालपर्यंत. तो वाचला. मी त्याला घरी आणलं.

घरी आल्यापासून त्याला थंडी वाजू लागली. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि तो तीन रजयांखाली दात वाजवतोय. ओठ निळे. मला माहीत होतं कुठली थंडी ती. मी रोज शवागारात फोन करायचे, कप्पा जरा कमी गार ठेवा म्हणून विनवायचे. तिथल्या माणसाने एकदा विचारलं, "का, अम्मा?" काय सांगणार त्याला?

जनकोजी भेटायला आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "सीतालक्ष्मीचा नंबर रद्द करायला अर्ज केलों मा. अस्की, सगळ्या देशांस कळवतील. अस्की याद्यांतून गेला की दोनाचा एक होईल. बरं होईल."

"कुठला एक?" मी विचारलं.

हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. मी पाया पडले त्यांच्या, अर्ज मागे घ्या म्हणून. ते म्हणाले, आता ते आपल्या हातात नाही, एकेक देश पुसत चाललाय. मग मी अनयजवळ बसून राहायला लागले. तो झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवून बघायचे. मला बाकी काही नको होतं. मला हाच हवा होता, जो थरथरत होता.

आज दुपारी जनकोजींचा मेसेज आला. नंबर सगळीकडून गेला.

त्याच क्षणी आतल्या खोलीतलं दात वाजणं थांबलं.

मी उठले नाही. आधी शवागाराला फोन केला. तो माणूस कप्पा बघायला गेला. परत आला तेव्हा हळू बोलत होता. "कप्पा रिकामा आहे, अम्मा. कुलूप लावलेलंच आहे. पण रिकामा आहे..."

मी देवाला हात जोडले. ते प्रेत गेलं, माझा उरला. धावत आत गेले. रजया कंबरेपर्यंत सारून अनय पलंगावर बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता.

"ऋजू, किती उकडतंय गं," तो म्हणाला. "चहा टाकतेस?"

आवाज त्याचा होता, हसणं त्याचं होतं. मी जवळ बसले, त्याच्या शर्टाची बटणं काढली. जखम गळ्यापासून खाली उघडी होती. कडा पांढऱ्या, कोरड्या. रक्ताचा थेंब नाही आणि एकही टाका नाही.

टाके उशीवर पडले होते. काळा दोरा, सगळ्या गाठी जशाच्या तशा, एकही न सुटलेली. कंबरेखाली रजया सपाट पडल्या होत्या.

तो माझ्याकडे बघत होता, मी काय करते याची वाट बघत असल्यासारखा. मी एकेक करून बटणं लावली, वरचंसुद्धा.

"साखर कमी घालू?" मी विचारलं.

"नेहमीसारखी," तो म्हणाला.