सुमंतसर परत आले तेव्हा

बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसून बकुळ पिसाळ फोन तोंडाशी धरून तावातावाने बोलत होती. समोर गंगा होती म्हणे... पण डिसेंबरचं धुकं असं दाटलं होतं, की चौथ्या पायरीनंतर सगळं पांढरंच.

"हे बघा, पंचगंगासाहेब," ती फोनमध्ये निरोप रेकॉर्ड करत सुनावत होती, "होडी बुडायला लागली की सामान फेकावंच लागतं. सुमंतसर परत आलेत ते होडी वाचवायला. आणि—"

"आणि सामान म्हणून माणसं फेकायला," मागून कुणीतरी म्हणालं.

मराठीत!

बकुळने गर्रकन वळून पाहिलं. दोन पायऱ्या वर कानटोपी घातलेला एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. हातातल्या मातीच्या कुल्हडमधून वाफ निघत होती, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं हसू.

"माफ करा हं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये. मतलब... पण माझंच नाव घेऊन भांडत होतात ना तुम्ही. पंचगंगा मीच."

"शक्यच नाही. पंचगंगा कोल्हापूरचे आहेत."

"कोल्हापूर मी पाहिलेलंही नाही. पंचगंगा घाट — हा काय, इथून दोन मिनिटांवर. तिथेच जन्मलो. तुम्ही कृष्णाकाठ ना? सुमंतसरांच्या बाजूच्या?"

महिनाभर ज्या माणसाशी बकुळ ऑनलाइन गटात टोपणनावाने रोज भांडत होती, ज्याच्यासाठी तिने मनातल्या मनात तांबडा रस्सा, मिशा आणि बुलेट असं सगळं उभं केलं होतं, तो असा कानटोपीत... आणि इथेच, बनारसमध्ये!

भांडणाचा विषय होता 'गोष्टवेल'. कानांनी ऐकायच्या मराठी गोष्टींची ती पुण्यातली कंपनी. सुमंत काळसेकरांनी ती उभी केली, नावारूपाला आणली आणि सहा वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या हाती सोपवून ते बाजूला झाले. दुसऱ्यांनी चकचकीत ऑफिसं थाटली, गोष्टी मात्र आटत गेल्या. कंपनी बंद पडायच्या बेताला आली, तेव्हा दिवाळीत सुमंतसर पुन्हा मुख्य खुर्चीवर येऊन बसले. 'गोष्टवेलकर' नावाच्या चाहत्यांच्या गटात त्या दिवशी नुसता जल्लोष झाला होता. पण महिन्याभरात सरांनी नागपूरचा स्टुडिओ बंद केला, निम्मी माणसं घरी पाठवली, कितीतरी गोष्टी यंत्राच्या आवाजात येऊ लागल्या... आणि गटाचे सरळ दोन तट पडले.

बकुळ मूळची वाईची. बँकेच्या बदलीने जूनमध्ये बनारसला आली. भाड्याची खोली मिळाली ती लंका भागात. "कुठे राहतेस गं?" आई फोनवर विचारायची, आणि "लंकेत," असं सांगताना दोघींना पहिले काही दिवस हसू यायचं. मग हसू संपलं. बँकेत दिवसभर हिंदी, घरी आलं की चार भिंती. संध्याकाळी 'गोष्टवेल'वर पद्माताई घैसासांची 'सांजगोष्ट' लावायची आणि त्या आवाजाच्या सोबतीने कुकर चढवायचा. गंगेकाठच्या जुन्या गल्ल्यांत 'सब मरेठी लोग' राहतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून दोन रविवार ती तिकडे हिंडली. दारांवरच्या पाट्या वाचल्या. पण नुसती पाटी वाचून कुणाच्या दारात कसं उभं राहायचं? तसाच हा तिसरा रविवार होता.

"नाव काय तुमचं? खरं नाव?" तिने विचारलं.

तो घुटमळला. "हसणार नसाल तर सांगतो."

"नाही हसणार."

"ढुंढिराज. ढुंढिराज सप्रे."

ती हसलीच. इतकी, की त्याच्या कुल्हडातला चहा हिंदकळला.

"काशीत गणपतीचं नाव आहे ते," तो रागावल्याचा आव आणत म्हणाला. "घरी धुंडू म्हणतात. तुम्ही... बघा काय ते."

मग गोष्टी जुळत गेल्या. गटाने ठरवलं की सुमंतसरांना एक अनावृत पत्र लिहायचं, आणि दोन्ही बाजूंचं नीट मांडायला 'कृष्णाकाठ' नि 'पंचगंगा' यांनीच ते मिळून लिहावं. गटातल्या कुणाला कल्पनाही नव्हती की हे दोघे एकाच घाटावर, एकाच कागदावर डोकं लावून बसणार आहेत.

रविवारमागून रविवार गेले. ढुंढिराज एका खाजगी ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांची सूची करायचा. नोकरी हंगामी. बोलता बोलता हिंदीत घसरायचा आणि बकुळच्या भुवया उंचावल्या की पुन्हा मराठीवर यायचा.

"तुमचे सर माणसं नाही बघत, आकडे बघतात," तो म्हणे.

"आणि तुम्ही कंपनी बुडाली तरी चालेल म्हणता. बुडाल्यावर कुणाच्या गोष्टी ऐकणार?"

"तुमच्या. भांडताना छान ऐकू येता."

बकुळ कागदात तोंड खुपसायची. धुक्यात गाल लाल झालेले दिसत नाहीत, एवढं बरं होतं.

संक्रांतीला त्याच्या आईने, शरदिनीकाकूंनी, तिला घरी बोलावलं. तिळगूळ हातावर ठेवत म्हणाल्या, "घे गं बाई. आणि जरा गोड बोला एकमेकांशी. माझा धुंडू तुझ्याशी भांडून आला की दिवसभर गुणगुणतो, आणि भांडला नाही की जेवत नाही."

"आई!" ढुंढिराज ओरडला.

परतताना पायऱ्या ओल्या होत्या. त्याने हात पुढे केला, तिने धरला. निसरडं संपलं... आणि आणखी पाच-सहा पायऱ्या दोघांनाही हात सोडायची आठवण झाली नाही.

त्याच आठवड्यात पद्माताईंची 'सांजगोष्ट' बंद झाली. आदल्या दिवसापर्यंत काही नव्हतं. बुधवारी संध्याकाळी बकुळने नेहमीसारखी फोनवर गोष्ट लावली, तर पद्माताईंच्या जागी एक गुळगुळीत, सपाट आवाज बोलू लागला. शब्द बरोबर होते. पण मध्ये कुणी श्वासच घेत नव्हतं. बकुळने गोष्ट बंद करून फोन पालथा ठेवला. खोलीत इतकं शांत झालं, की भिंतीपलीकडच्यांचं हिंदी शब्दन् शब्द कळू लागलं. सरांचं काय चुकलं, हे तिला अजूनही सांगता आलं नसतं. पण पोळी लाटता लाटता ती रडली.

सात वाजता ढुंढिराजचा फोन आला.

"जिंकलात तुम्ही," ती म्हणाली. "म्हणा आता काय म्हणायचं ते."

"काही म्हणायला नाही केला फोन. तुम्ही या वेळी एकट्या स्वयंपाक करता, म्हणून..." तो थांबला. "माझ्याकडे गोष्ट नाही. आजची सूची आहे. वाचू?"

"वाचा."

"क्रमांक चारशे बारा. पोथी ज्योतिषाची. पानं एकवीस. पहिलं पान उंदराने खाल्लेलं. क्रमांक चारशे तेरा. कर्ता अज्ञात. शेवटी लिहिलंय, हे लिहिताना माझी पाठ मोडली, मान मोडली, तरी वाचणाऱ्या, तू जपून ठेव..."

बकुळ हसत होती आणि डोळे पुसत होती. कुकरची शिट्टी झाली. "हे काय, शिट्टी?" तो म्हणाला. "किती झाल्या?"

"तीन. बंद करते. पण तू... तू वाचत राहा ना."

तो 'तू' कुठून आला, हे तिलाही कळलं नव्हतं.

त्यानंतर रोज सातला फोन यायचा.

पत्र गेलं. उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. भेटीच्या सहाव्या रविवारी ढुंढिराज घाटावर आला तो धापा टाकतच.

"सरांचा फोन आला होता. स्वतः त्यांचा! विचारलं, पत्रातला विरोधाचा भाग कुणी लिहिला. मी म्हटलं, मी. तर म्हणाले, पुण्याला या. मराठी विभाग सांभाळा."

बकुळने त्याला बसायला जागा केली. "मग? तू काय म्हणालास?"

"म्हटलं, पाच जणांना काढून त्यांचं काम मला एकट्याला देताय. आणि आधी पद्माताईंना परत आणा. तर म्हणतात, आधी या, मग भांडा." तो तिच्याशेजारी बसला. "बकुळ, तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. तू सांग. या माणसावर भरोसा ठेवू? जाऊ?"

किती सोपं होतं! 'नको जाऊ, तुझंच बरोबर होतं, तो माणूस फक्त आकडे बघतो.' एवढं म्हटलं असतं तरी तो आनंदाने थांबला असता. ग्रंथालयातली नोकरी मार्चमध्ये संपणार होती, पण तरी थांबला असता. सातचा फोन येत राहिला असता. आणि ते खोटं ठरलं असतं. विरोध करणाऱ्यालाच बोलावणारा माणूस काही निव्वळ आकडे बघणारा नसतो, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"जा," ती म्हणाली.

"इतक्या पटकन?"

"विचारलंस म्हणून सांगितलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं... बराच वेळ. मग "ठीक आहे," म्हणून उठला आणि धुक्यात दिसेनासा झाला. त्या संध्याकाळी सातला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र काकूंचा आला. "शनिवारी सकाळी दहाची गाडी आहे त्याची. मला गुडघ्यांमुळे स्टेशनावर जाववत नाही. तू जाशील का गं?"

कँट स्टेशनावर तो ट्रंकेवर बसला होता. तिला पाहून उभा राहिला.

"आईने पाठवलं?"

"हो. आणि मीही आले."

गाडी दोन तास उशिरा होती. मग चार. मग साडेचार. दर वेळी भोंग्यातून 'असुविधा के लिए खेद है' आलं की बकुळच्या जिवात जीव यायचा. दोघांनी काकूंच्या डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. चहा झाला, पुन्हा चहा झाला. नेमकं बोलायचं ते सोडून सगळं बोलून झालं.

अडीचला धुकं विरळ झालं आणि लांबवर रुळांवर दिवा दिसला.

"धुंडू," ती घाईघाईने म्हणाली, "तू जावंस असं मला खरंच वाटत होतं. आणि तू जाऊ नयेस असंही. मी फक्त पहिलं सांगितलं."

"दुसरं का नाही सांगितलंस?"

"मग तू गेला नसतास."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "सहा दिवस मी काय विचार करत होतो माहितेय? की हिला माझं असणं-नसणं सारखंच आहे. वेडी कुठली... प्रेम करतेस आणि बरोबरही वागतेस. माणसाने करायचं काय अशा मुलीचं?"

"वाट बघायची," ती म्हणाली. "माझी बदली अडीच वर्षांनी."

"इतकी?"

"आधीही मागता येते. मिळेलच असं नाही."

गाडी धडधडत आत आली. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि ट्रंक उचलली. गर्दीने त्याला आत ढकललं. खिडकी सापडेपर्यंत गाडी सुटली होती.

तिथून ती सरळ काकूंकडे गेली. गाडी सुटल्याचं सांगितलं, त्यांच्याबरोबर थोडा वेळ बसली. अंधारायच्या आत ती खोलीवर परतली.

सात वाजले. गाडी कुठल्यातरी रेंज नसलेल्या रानातून जात असणार. फोन वाजला नाही. गटात मात्र गदारोळ उठला होता. कंपनीच्या माणसाने चाहत्यांच्या गटात राहायचं नाही, म्हणून पंचगंगा सकाळीच बाहेर पडला होता. आणि आता बातमी आली होती : मराठी विभागाचे नवे प्रमुख, ढुंढिराज सप्रे.

'हा कोण? नावही ऐकलं नाही कधी.'

'पाच जण काढले आणि एक स्वस्तातला आणला!'

'सरांचा होयबा असणार, दुसरं काय.'

'कृष्णाकाठ, तुम्ही गप्प का? तुम्ही तर सरांच्या बाजूच्या.'

बकुळने लांबलचक उत्तर लिहिलं. कपातीबद्दल, होडीबद्दल, पद्माताईंबद्दल. सगळं पुसलं. मग पुन्हा लिहिलं, 'तो होयबा नाही. पद्माताईंना परत आणण्यासाठी भांडणार आहे तो. त्याच्याशी सहा रविवार मी स्वतः भांडले आहे.'

मग सोलापूरच्या एका अनोळखी बाईंनी विचारलं, 'तो? एकदम एकेरी?'

कुकर गॅसवर तसाच होता. पलीकडच्या खोलीत कुणीतरी हिंदीत मोठ्याने हसलं. बकुळ त्या प्रश्नाकडे पाहत राहिली. सबंध शहरात आज हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

'हो,' तिने लिहिलं. 'एकेरीच.'